भात, कोळंबी आणि उघाडीच्या फळ्या

दिवाळीच्या अंकात, चकल्या-करंज्यांच्या पंक्तीत, कोळंबीचा विषय काढणे थोडेसे अप्रशस्तच आहे, हे मला मान्य आहे. पण आपल्यातल्या पुष्कळ घरांतून भाऊबीज उलटली की गोडाधोडाने तोंड विटते आणि पिशवी घेऊन कोणीतरी मासळीबाजाराकडे वळते, हेही तितकेच खरे. तिथे हल्ली एक नवा संवाद कानी पडतो. “ही दर्यातली का तळ्यातली?” असे गिऱ्हाईक विचारते आणि कोळीण सांगते, “तळ्यातली हाय ताई, ताजी हाय, सगली एकसारखी हाय.” एकसारखी मात्र ती खरोखरच असते, साच्यातून काढल्यासारखी. तिचे नाव ‘व्हेनामी’. मूळची ती पॅसिफिक महासागराच्या पलीकडची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या किनाऱ्याची. आपल्या देशात तिच्या शेतीला रीतसर परवानगी मिळाली ती २००९ साली. आणि एवढ्या अवधीत या पाहुणीने घर असे बळकावले की २०२३-२४ या एका वर्षात भारताने ७ लाख टनांहून अधिक गोठवलेली कोळंबी परदेशी धाडली व तिचे सुमारे ४० हजार कोटी रुपये आले. त्यातला मोठा वाटा तळ्यांतला, आणि तळ्यांतला मोठा वाटा एकट्या आंध्र प्रदेशाचा.

चाळीस हजार कोटी ही रक्कम आपल्यासारख्या पगारदार माणसाला नुसती वाचतानाही धाप लागावी अशी आहे. त्यामुळे या धंद्यावर बोट ठेवण्यापूर्वी चार वेळा विचार करावा लागतो. पण तळे म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. त्याला जमीन लागते, आणि समुद्रकाठी कोणाच्याच कामी न येणारी जमीन फार थोडी असते. तिथे तिवरांचे रान असते, मिठागर असते, गावाचे गायरान असते, नाही तर भाताचे खाचर असते. कोळंबी येते तेव्हा यांतले कोणीतरी उठून जाते.

मी मराठीचा प्राध्यापक. मासळीशी माझा संबंध ताटापुरता. या विषयात शिरलो तो एका शब्दाच्या मागे लागून. पेण तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या निबंधात मला ‘उघाडी’ हा शब्द भेटला. रायगडच्या खारपट्टीत समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालतात, आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून त्या बांधात एक दार ठेवतात. तीच उघाडी. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून निघून जाते. किती साधे यंत्र! ना तेल, ना वीज. पण तेच दार उलट्या बाजूने वापरता येते. भरतीला ते उघडे ठेवले, की खाऱ्या पाण्याबरोबर कोळंबीची पिले आत येतात. मग फळ्या टाकल्या की ती आत अडकतात. म्हणजे त्याच बांधामागे, त्याच जमिनीत भातही होतो आणि कोळंबीही. प्रश्न एवढाच उरतो, की त्या फळ्या केव्हा काढायच्या, केव्हा टाकायच्या आणि हे ठरवायचे कोणी. या एका प्रश्नाचे उत्तर ठिकठिकाणी कसे निरनिराळे मिळाले आणि त्यापायी कोणाचे काय झाले, ते सांगण्यासाठी हा सारा प्रपंच.

याचे सर्वांत सुंदर उत्तर शोधले ते केरळातल्या शेतकऱ्यांनी. कोचीच्या आसपास, एर्नाकुलम, त्रिशूर आणि आलप्पुळा या जिल्ह्यांच्या खाडीकाठी ‘पोक्कळी’ नावाचे भात होते. पाण्यात बुडू नये म्हणून हे भात पुरुषभर उंचीकडे झेपावते, आणि खारेपणा असा सोसते की फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना खाऱ्या जमिनीसाठी नवे वाण घडवताना याच पोक्कळीच्या रक्तातला एक गुणसूत्राचा तुकडा उपयोगी पडला. ‘सॉल्टॉल’ असे त्याचे नाव. २००८ साली पोक्कळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मला विशेष मौज वाटली ती त्या भाताच्या वर्षाची.

एप्रिल-मे महिन्यांत शेतातले पाणी काढून टाकतात आणि उघड्या पडलेल्या चिखलाचे कमरेच्या खालपर्यंत येतील असे उंचवटे रचतात. उन्हाने ते तापतात, मीठ वर येते. मग मृगाचा पाऊस कोसळतो आणि ते मीठ धुऊन नेतो. उंचवट्याचा माथा गोडा झाला, की तिथे मोड आणलेले बी पेरतात. महिनाभराने रोपे हातभर झाली की तोच उंचवटा फोडून मातीच्या ढेकळासकट रोपे सभोवार पसरतात. झाली लावणी! पुढे खत नाही, फवारणी नाही. वाटले तरी कोणी फवारणार नाही, कारण याच पाण्यात पुढे कोळंबी यायची असते. आश्विन-कार्तिकात, म्हणजे आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्या सुमारास, बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून फक्त लोंब्या कापून घेतात. पेंढा तसाच पाण्यात सोडतात. तो कुजतो, त्यावर शेवाळे आणि बारीक जीव पोसतात.

आणि मग १५ नोव्हेंबर उजाडतो. त्या दिवसापासून शेत कोळंबीचे. उघाडीच्या फळ्या निघतात, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतली पिले आत शिरतात. रात्री दारावर कंदील टांगतात. उजेडाकडे ती ओढली जातात. आत पेंढ्याची मेजवानी तयारच असते. पुढे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पाणी बाहेर पडताना दाराशी पिशवीसारखे जाळे लावून मोठी झालेली कोळंबी धरतात. मलयाळीत याला ‘चेम्मीन केट्टु’ म्हणतात. चेम्मीन म्हणजे कोळंबी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ मधल्या गाजलेल्या कादंबरीचे नावही तेच, पण तिच्यातले कोळी समुद्रावरचे, हे शेतातले. एप्रिलच्या मध्याला, विषूच्या सणाच्या तोंडावर, हा हंगाम संपतो. त्यानंतर शेतात उरलीसुरली मासळी गावातल्या कोणीही येऊन धरावी, अशी जुनी रीत आहे. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही अशी माणसे त्या दिवशी जाळी-टोपल्या घेऊन चिखलात उतरतात. कोळंबीची विष्ठा आणि कात तळाशी राहते. पुढच्या भाताला तेच खत. भाताने कोळंबीला पोसायचे, कोळंबीने भाताला. एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबाचा कारभार असावा तसा हा प्रकार आहे.

एकत्र कुटुंबे जशी मोडली तसाच हा कारभारही मोडत आला आहे. एका चर्चासत्राच्या निमित्ताने कोचीला गेलो असता कडमक्कुडीच्या बेटांकडे जाण्याचा योग आला. नकाशात हे गाव शहराला अगदी चिकटलेले. प्रत्यक्षात दोहोंमध्ये केवळ पाणी. मी गेलो तो जानेवारी होता. सर्वत्र खाऱ्या पाण्याची चकाकी आणि बगळे. देखावा असा की छायाचित्र काढून भिंतीवर लावावा. पण सोबतचे गृहस्थ एकेका चौकटीकडे बोट दाखवून सांगत होते, इथे दहा वर्षांत भात झाले नाही. याचा मालक गावात राहत नाही. त्याने तर बाराही महिने कोळंबीवाल्याला देऊन टाकली. एके काळी २५,००० हेक्टरांवर पोक्कळी होत असे असे सांगतात. आज त्याचा लहानसाच भाग पेरला जातो.

याचे कारण लोभ, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहिला की तो शब्द इतका सहज तोंडी येत नाही. पोक्कळीचे उत्पन्न हेक्टरी जेमतेम दीड-दोन टन. त्या चिखलात यंत्र चालत नाही. उंचवटे रचायचे हातांनी, कापायचे हातांनी. केरळातली मजुरी देशात सर्वांत चढी, आणि तिथली तरुण पिढी शिकून कोचीच्या कचेऱ्यांत नाही तर आखातात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कापणी करणाऱ्या बहुतेक बायका आता वयस्क आहेत. भातात पैसे सुटत नाहीत. कोळंबीच्या मक्तेदाराने दिलेला खंड मात्र घरबसल्या हातात पडतो. मग मालक म्हणतो, भात कशाला? आणि मक्तेदार म्हणतो, एप्रिलच्या मध्याला पाणी का सोडू? आणखी एक उधाण मिळाले तर आणखी चार टोपल्या येतील. फळ्या वेळेवर पडल्या नाहीत की पाणी उपसायला उशीर होतो, उंचवटे वेळेवर होत नाहीत, पावसाला मीठ धुवायला अवधी मिळत नाही. एका मालकाने भात सोडले तर शेजाऱ्याला ते करता येत नाही. खारे पाणी काही सात-बारा पाहून थांबत नाही. केरळ सरकारने ‘एक भात, एक मासा’ अशी योजनाच काढली आहे, वैट्टिलाच्या संशोधन केंद्राने पोक्कळीचे सुधारलेले वाण दिले आहेत. तरीही चेल्लानमसारख्या गावांतून भातवाले आणि मासेवाले यांचे तंटे चालत आले आहेत. त्या तंट्यात मजूर बायकांचे म्हणणे सहसा कोणी विचारत नाही. भाताच्या हंगामात त्यांना कित्येक आठवडे काम असते. नुसत्या कोळंबीला एक पहारेकरी पुरतो.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन:पुन्हा येणार आहे.

कोळंबीने भाताची संगत सोडून स्वतंत्र बिऱ्हाड थाटले ते विज्ञानाच्या आधाराने. जपानच्या मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० नंतरच्या दशकात कोळंबीची पिले प्रयोगशाळेत वाढवून दाखवली. ज्याला खाडीवर अवलंबून राहण्याची गरज नाही त्याला हंगामाचेही बंधन नाही. बारमाही तळी, विकतचे बी, विकतचे खाद्य, पाण्यात हवा घुसळणारी चक्रे. तैवानने हे तंत्र असे काही उचलले की १९८७ साली तो देश जगात आघाडीवर होता. १९८८ साली रोग आला आणि उत्पादन कोसळले. पाणी निमखारे राखण्यासाठी तिथल्या पिंगतुंग जिल्ह्यात जमिनीखालचे गोडे पाणी इतके उपसले होते की किनाऱ्याची जमीनच खचली. रोग गेला तरी खचलेली जमीन वर येत नाही; भरतीचे पाणी घरात येऊ नये म्हणून तिथे भिंती बांधाव्या लागल्या.

त्यानंतर आपली पाळी. १९९० च्या सुमारास आंध्रातील नेल्लोर आणि तमिळनाडूचा नागपट्टिणम या पट्ट्यांत कंपन्या उतरल्या. भाव असा होता की लोक तिला ‘गुलाबी सोने’ म्हणू लागले. पैसा आला, नेल्लोरच्या बाजारपेठेला त्या तीन-चार वर्षांत बाळसे आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तळ्यातले खारे पाणी झिरपून शेजारच्या विहिरींत उतरू लागले. बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी लांब जावे लागले. तळे स्वच्छ करून काढलेले घाण पाणी ओढ्यात, ओढ्यातून खाडीत, आणि खाडीतून पुन्हा दुसऱ्याच्या तळ्यात. एकाच्या तळ्यातला आजार दुसऱ्याच्या तळ्यात जायला याहून सोपा मार्ग कोणता? १९९४ साली पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि दोन हंगामांत कित्येक तळी ओसाड पडली. खाऱ्या पाण्याने भरलेली जमीन पुन्हा भाताला लगेच परत येत नाही. तिच्यातले मीठ निघायला अनेक पावसाळे जावे लागतात.

नागपट्टिणमच्या त्या पट्ट्यात एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ हे सर्वोदयी दांपत्य काम करीत होते. विनोबांच्या भूदानात पायी हिंडलेली ही माणसे. भूमिहीन हरिजन कुटुंबांना जमिनीचे तुकडे मिळवून देण्यात त्यांनी आयुष्य घातले होते. आणि आता त्याच जमिनींच्या शेजारी तळी खणली जात होती. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रातली नवी, सघन पद्धतीची तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी पाडावीत. शेतजमीन, मिठागरे, तिवरे, गावाची सामाईक जमीन यांची तळी करू नयेत. काम गेलेल्या मजुरांना सहा वर्षांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी. न्यायालयापुढे आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचा पाहणी-अहवाल होता. धंद्यापासून जो लाभ होतो त्याहून किनाऱ्याच्या लोकांचे व निसर्गाचे होणारे नुकसान जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. जमाखर्चाच्या वहीत नुकसानीचा रकाना कोणीतरी प्रथमच भरला, म्हणून या अहवालाचे मला मोल वाटते. आणि याच निकालाने पारंपरिक पद्धतीच्या शेतीला, म्हणजे आपल्या पोक्कळीसारख्या रीतीला, हात लावला नाही.

मात्र निकाल एक आणि अंमल दुसरा. फेरविचाराचे अर्ज झाले, स्थगिती आली, आणि २००५ साली संसदेने किनारी जलशेती प्राधिकरणाचा कायदा करून परवाना पद्धतीने या तळ्यांना वाट मोकळी करून दिली. त्यानंतर ‘व्हेनामी’ आली. ती वाढते लवकर, दाटीत राहते, रोगमुक्त मातृकोळंबी विमानाने परदेशांतून येते. पण जुनी चिंता नव्या रूपात आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांपर्यंत चढवली, तेव्हा आंध्रातल्या तळ्यांच्या काठावर भाव घसरले आणि कित्येकांनी पुढचे बी टाकायचे लांबणीवर टाकले. भात विकला गेला नाही तर निदान घरात शिजवून खाता येते. तळेभर कोळंबी कोण खाणार?

बंगालच्या उपसागराच्या टोकाला, बांगलादेशच्या खुलना, सातखीरा आणि बागेरहाट या जिल्ह्यांत हीच कथा जास्त कठोर रीतीने घडली. १९६० नंतर तिथे सरकारने मोठमोठे बांध घालून जमिनीचे वेढे तयार केले. डच पद्धतीचे, म्हणून नावही डच: ‘पोल्डर’. हेतू हा की खारे पाणी बाहेर राहावे आणि भात वाढावे. पुढे १९८० नंतरच्या दशकात कोळंबीचा भाव चढला आणि बाहेरची धनवान माणसे येऊन तेच बांध फोडू लागली. भातासाठी घातलेल्या बांधाने आता खारे पाणी आत कोंडून धरायचे होते! या तळ्यांना बंगालीत ‘घेर’ म्हणतात. आपल्या ‘घेरा’चाच हा सख्खा भाऊ, आणि अर्थही तोच. ज्याने जमीन खंडाने द्यायला नकार दिला त्याच्याही शेतात शेजारच्या घेरातले पाणी शिरे. मग खंड घेण्यावाचून गत्यंतर नसे. भात गेले तसा पेंढा गेला, पेंढ्याबरोबर गायी गेल्या, नारळीची झाडे सुकली, तळ्यांचे पिण्याचे पाणी खारट झाले. आणि मजूर? एक पहारेकरी पुरतो, हे वर सांगितलेच आहे. बाकीचे ढाक्याच्या रिक्षांवर, वीटभट्ट्यांवर आणि सरहद्द ओलांडून कोलकात्याला.

खुलना जिल्ह्यातल्या २२ क्रमांकाच्या पोल्डरमधल्या लोकांनी मात्र खारे पाणी आत घ्यायचे नाही असे ठरवले. ७ नोव्हेंबर १९९० रोजी हरिणखोला गावी बाहेरच्या एका कोळंबीमालकाची माणसे हत्यारे घेऊन आली. त्यांच्यासमोर गावकऱ्यांचा मोर्चा गेला. पुढे होती करुणामयी सरदार नावाची भूमिहीन स्त्री. ती त्या हल्ल्यात मारली गेली. तिचे स्मारक तिथे आहे आणि दर वर्षी ७ नोव्हेंबरला भूमिहीन स्त्री-पुरुष तिथे जमतात. त्या पोल्डरमध्ये पुढेही भात होत राहिले, भाजी होत राहिली, गायी राहिल्या. नदीपलीकडच्या २३ क्रमांकाच्या पोल्डरमध्ये घेरांचे पाणी पसरले. दोन्हींकडची माती एक, पाऊस एक, भरती एक. फरक एवढाच की एका ठिकाणी दार उघडू दिले गेले नाही. अर्थात २२ क्रमांकातली माणसेही गरीबच आहेत; कोणी त्यांना स्वर्गात राहतात असे समजू नये. पण त्यांच्या गावात भूमिहीनाला कापणीचे काम मिळते आणि बांधावरचे गवत त्याच्या शेळीला मिळते.

बांध कापून नळ घालण्याची किंमत पुढे निसर्गानेही वसूल केली. २५ मे २००९ रोजी ‘आयला’ वादळ आले तेव्हा जवळच्या ३२ क्रमांकाच्या पोल्डरचे बांध फुटले, आणि भरती-ओहोटीचे पाणी सुमारे दोन वर्षे त्या गावांतून ये-जा करीत राहिले. लोक फुटक्या बांधावरच झोपड्या घालून राहिले. दोन वर्षे, म्हणजे आपल्याकडच्या मुलाची पहिली-दुसरी बांधावर व्हायची.

याच बांगलादेशात, थोड्या गोड्या पाण्याच्या बागेरहाटकडे, शेतकऱ्यांनी आपल्या डोक्याने एक निराळी युक्ती काढली. शेताच्या मधोमध भात, कडेने खंदक, खंदकात ‘गोल्दा’ नावाची गोड्या पाण्यातली मोठी निळ्या नांग्यांची कोळंबी, आणि बांधावर दुधी, टोमॅटो, घेवडा. लहान शेतकऱ्याला परवडते, घरातली बाई बांधावरून भाजी काढते, मुलांच्या ताटात मासा येतो. दृष्ट लागावी असाच हा प्रकार; पण यालाही बिले आहेत. गोल्दाला खायला गोगलगाईंचे मांस लागे. त्या बिळांतून, दलदलींतून पोत्यांनी आणल्या गेल्या. गरीब बायका दिवसभर बसून त्या फोडीत. काही वर्षांत गोगलगाई दिसेनाशा झाल्या. पिले नदीतून बारीक जाळ्याने धरीत. एका पिलामागे इतर माशांची असंख्य पिले काठावर फेकली जात. सरकारने २००० साली नदीतली पिले धरायला बंदी केली, तर त्यावर पोट भरणारी हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. भात आणि कोळंबी एकत्र नांदवली म्हणजे सारे सुरळीत होते, असे मानणाऱ्या मंडळींनी या गोगलगाई विसरू नयेत.

उलट टोकाची गोष्ट व्हिएतनामची. मेकाँग नदीच्या मुखाशी बाक लिउ प्रांतात सरकारने १९९४ पासून एकेक दार बांधून खारे पाणी अडवले. सर्वांनी भातच करावे अशी आज्ञा. पण पश्चिमेकडच्या आंबट मातीत भात धड होत नव्हते आणि कोळंबीवर जगणारे लोक पाण्यावाचून बसले. २००१ साली त्यांनी एक दार फोडून खारे पाणी आत घेतले. तेव्हा सरकारने हट्ट सोडला, कोणत्या भागात केव्हा खारे आणि केव्हा गोडे पाणी सोडायचे याचे वेळापत्रक आखले. आज त्या मुलखात उन्हाळ्यात कोळंबी आणि पावसाळ्यात भात असे दुहेरी पीक पुष्कळ ठिकाणी आहे. २०१९ साली जगात उत्तम ठरलेला ‘एसटी २५’ हा सुवासिक तांदूळ त्याच कोळंबीच्या शेतांत लावतात. खुलनात दार मिटून ठेवणारे लोक आणि इथे दार फोडणारे लोक, वरवर पाहता एकमेकांचे शत्रू. मला तर ते भाऊबंद वाटतात. आपल्या दाराच्या फळ्या दुसऱ्याने ठरवू नयेत, एवढेच दोघांचे म्हणणे.

आता घरी येऊ. गोव्यात खाजण जमीन १८ हजार हेक्टरांच्या आसपास आहे. तिथे उघाडीला ‘मानस’ म्हणतात. गावकरी संस्थेने बांध सांभाळायचा, मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव करायचा आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी करायची, अशी शेकडो वर्षांची घडी. मासा हा तिथे भाताचा नोकर होता. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळकायदा आला. कसणाऱ्याला न्याय मिळाला, ते योग्यच झाले. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पुढे शेतीतून मन उडाले, कोळंबीला भाव आला आणि लिलावाची बोली भाताच्या उत्पन्नाहून जड झाली. मग ज्याने बोली जिंकली तो मानस आपल्या सोयीने उघडी ठेवू लागला. काही ठिकाणी बांधाला भगदाडही पाडले गेले अशा तक्रारी झाल्या. शेतात खारे पाणी, पाण्यात तिवरे, आणि कोरगुटासारखे खारे सोसणारे जुने भात आठवणीपुरते.

आपल्या कोकणात १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या कायद्याने हे बांध सरकारी खात्याच्या देखरेखीखाली आले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाचे तीन वाण दिले. त्याआधी ‘राता’ नावाचे तांबडे भात होतेच. पण खात्याकडे बांध गेला तशी गावाची बांधावरची फेरी थांबली. पूर्वी उंदराने वा खेकड्याने बांधाला भोक पाडले, की ज्याला दिसेल तो चिखलाचा गोळा दाबून पुढे जाई. आता तेच भोक अर्ज, अंदाजपत्रक आणि मंजुरी यांची वाट पाहत उधाणागणिक वाढते. खांड पडली की शेतात दोन-चार वर्षांत तिवरे उगवतात. एकदा तिवरे आली की ती तोडायला कायद्याने बंदी, आणि ती बंदीही रास्तच, कारण समुद्रातली कोळंबी लहानपण काढते ते तिवरांच्याच मुळांत. मग भातही नाही आणि सात-बारावर मात्र ‘भातशेती’. अशा जमिनीच्या मालकाकडे कोळंबीचा मक्तेदार किंवा शहरातला जमिनीचा दलाल गेला, तर तो काय उत्तर देईल?

माझ्या त्या पेणच्या विद्यार्थ्याच्या घरची दोन एकर जमीन अशीच खांड पडलेल्या बांधाच्या आत आहे. त्याचे आजोबा अजून पावसाळ्याच्या तोंडाशी उघाडीकडे जाऊन येतात. दाराची एक फळी गेली दोन वर्षे निखळलेली आहे. तिच्यासाठी अर्ज केलेला आहे.